चांदीच्या पट्टीचा चष्मा

माझ्या बायकोला, शालनला काय झालंय ते कळलं तो दिवस गुरुवार होता. साल दोन हजार चाळीस, सप्टेंबर महिना. कोल्हापूरच्या दवाखान्यात तपासणीच्या आधी नर्सनं तिच्या हातात औषधाच्या गोड पाण्याचा पेला दिला. शालननं तो खाली ठेवला.

"आज माझा गुरुवार हाय. उद्या घेते."

"मावशी, उद्या नाही, मशीन आज रिकामं आहे," नर्स म्हणाली.

"मग साधं पाणी द्या की."

शेवटी मी चिडलो. म्हटलं, "अगं, दत्ताला कळतंय सगळं. पी." तेव्हा तिनं डोळे मिटून हात जोडले आणि पेला तोंडाला लावला. तो गुरुवार ती माझ्यासाठी करत होती. मला काही होऊ नये म्हणून.

दुपारी डॉक्टर कित्तूरांनी आत बोलावलं. ते सरळ बोलणारे निघाले. गाठ स्वादुपिंडात होती आणि तिथून यकृतात गेली होती. ऑपरेशनची वेळ गेली, असं ते म्हणाले.

"कवा गेली?" शालननं विचारलं.

"काय म्हणालात?"

"वेळ. कवा गेली, इचारते."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा चाळला. मग म्हणाले, "वर्ष-दीड वर्षापूर्वी आला असतात तर करता आलं असतं." बोलताना त्यांनी तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे वाकून पाहिलं. "तुम्हाला तर निर्झर नळी बसवलेली आहे. ती हे फार आधी सांगते. पिवळा निरोप आला नव्हता कधी?"

"हिला कधीच नाही," मी म्हणालो. "हिचं दर सोमवारी हिरवंच. पिवळं मला आलं होतं."

"तुम्हाला?"

"दोनदा तपासलं. काही निघालं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. "शेवटी यंत्र आहे ते."

मीही मान हलवली. शालनच्या पिशवीत एक चष्मा होता आणि माझ्या खिशात एक. आम्ही तिघं शहाणी माणसं तिथं बसलो होतो, पण कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

माझं नाव श्रीपती साळोखे. हुपरीत चांदीचं काम करतो. पैंजण. वडीलही तेच करायचे. मी फुंकणीनं आच देऊन जोड झाळायचो आणि शालन समोर बसून घुंगरं ओवायची. छत्तीस वर्षं आमच्या दोघांत हातभर अंतर होतं. मला लिहिण्याची सवय नाही. पण हे लिहावं लागणार आहे, का ते पुढे येईल.

आमच्या गावात डोळ्यांतून पाणी गळणारी माणसं फार. धूर असतो, तेजाबाची वाफ असते आणि वय तर सगळ्यांचंच होतं. शालनचे दोन्ही डोळे सतत वाहायचे. कुणाच्याही मयताला गेली की बायका म्हणायच्या, जवळचं कुणी रडलं नाही एवढी शालन रडली. ती घरी येऊन सांगायची, "मला त्या म्हातारीचं नावबी ठावं न्हवतं ओ." लग्नातही तेच. एकदा नवरीची आई हिची समजूत घालत बसली होती. हसण्यावारी जायचं, पण नंतर कोपरा सुजायला लागला, दाबला की पू यायचा. घुंगराचं भोक दिसेना झालं. माझा डावा डोळाही त्याच वाटेनं निघाला होता.

गावातल्या डोळ्यांच्या कॅम्पमध्ये डॉक्टरांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं ते मला नीट आठवतं. डोळ्यात पाणी सारखं तयार होत असतं, रडलं नाही तरी. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याला टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं असतात. पाणी त्यांतून नाकाच्या बाजूला असलेल्या छोट्या पिशवीत जातं आणि तिथून बारीक वाटेनं नाकात उतरतं. म्हणून रडलं की नाक वाहतं. उतारवयात ती वाट आतून सुजते, आवळते, बंद होते. मग पाणी तुंबलेल्या मोरीसारखं उलटं गालावर येतं. थेंब घालून ते उघडत नाही. पूर्वी हाडाला भोक पाडून नवी वाट करायचे. आता त्या वाटेत शेवईएवढी एक नळी कायमची बसवतात. तिचं नाव निर्झर.

नुसतं पाणी वाहून नेणारी नळी असती तर बरं झालं असतं. पण अश्रू हे रक्तातूनच गाळून येतात. शरीरात कुठे गाठ धरायला लागली की तिथल्या पेशी अगदी सूक्ष्म पुड्या रक्तात सोडतात आणि त्यातल्या काही अश्रूंत उतरतात. नळीला आतून एक लेप असतो. त्या पुड्या लेपाला चिकटल्या की त्यातून वीज जाण्यात किंचित फरक पडतो. नळीत बॅटरी नसते. ती सोय चष्म्यात केलेली होती. चष्म्याची नाकावर टेकणारी दोन बोंडं बरोबर त्या पिशवीवरच बसतात. ती कातडीवरून नळीला थोडी वीज देतात आणि तिच्याकडून उत्तर घेतात. चष्मा वीस मिनिटं नाकावर राहिला की काम झालं. मग तो घेऊन माणूस मेडिकलवरून गेला की तिथल्या भिंतीवरच्या पेटीत माहिती आपोआप उतरते. सोमवारी फोनवर निरोप येतो. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे तपासून घ्या.

अडतीसच्या फेब्रुवारीत मंगल कार्यालयात हा कॅम्प झाला. आम्हा दोघांना एकाच दिवशी नळ्या बसवल्या. शेवटच्या दिवशी सगळ्या पेशंटना नाकावर कापूस लावलेल्या अवस्थेत रांगेत बसवून फोटो काढला, त्याचा मोठा फ्लेक्स चौकात लागला. शालन म्हणाली, "सगळी सर्कशीतल्यावानी दिसालीत." सगळ्यांना चष्मे मिळाले. काळे, एकाच घाटाचे. आम्हा दोघांचा वाचायचा नंबरही एकच निघाला. दोन्ही चष्मे माझ्याच फोनवर नोंदवले, कारण शालनला फोनची कटकट नको होती.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शालन तिच्या चष्म्यावर बसली. डावी काडी मोडली.

"आज करून देतो," मी म्हणालो. पण पैंजणांची घाई होती. गिऱ्हाइकाचं काम आधी, घरचं मग, ही आमची रीत. चष्मा फळीवर पडून राहिला दीड महिना. तोवर ती माझाच चष्मा घ्यायची. सकाळी मी, दुपारी ती. संध्याकाळी ज्याच्या हाताला लागेल तो.

पुढे मी तो दुरुस्त केला. प्लास्टिकला आच चालत नाही, म्हणून पातळ चांदीच्या पत्र्याची पट्टी मोडीवर गुंडाळून घट्ट दाबली आणि वर दोन बारीक फुलं ठोकली. काम चांगलं झालं. पण काडी जरा वाकडी बसली, कानाला टोचायची. मी तो चष्मा स्वतः लावून पाहिला आणि माझा चांगला चष्मा तिच्यापुढे सरकवला.

"मोडका मी घालतो. चांगला तू घाल."

"नगं. तुमचा तुमी घ्या."

"घाल म्हणतो ना. माझा कान जाड आहे."

ती हसली आणि घातला. छत्तीस वर्षांत मी तिला प्रेमाचं म्हणून जे काही बोललो असेन, त्यात हे एक धरतो.

डिसेंबरात माझ्या नावानं पिवळा निरोप आला. मी घाबरलो, ती माझ्याहून जास्त. जानेवारीत तपासणी झाली. पोटाचे फोटो, रक्त, सगळं स्वच्छ. मग पुन्हा पिवळं आलं. मार्चमध्ये पुन्हा तपासणी, पुन्हा स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, काही माणसांच्या अश्रूंचा गुणच तसा असतो. दोनदा स्वच्छ निघालं की यंत्र त्या माणसाचा इशारा बंद करतं, उगाच जिवाला घोर नको म्हणून. त्यानंतर माझंही सोमवारी हिरवं यायला लागलं.

पण शालनचा विश्वास बसला नाही. "यंत्रानं दोनदा सांगितलं. दोनदा उगंच सांगंल व्हय?" तिनं माझ्यासाठी गुरुवार धरले. मग सोमवार. मग शनिवारही. मला सकाळी दूध, दुपारी फळं आणि स्वतः आठवड्यातून तीन दिवस अर्धपोटी. ती वाळत गेली. मी म्हणायचो, उपास कमी कर. पाठ दुखते म्हणाली तेव्हा म्हटलं, घुंगरं ओवून दुखत असेल. जेवण जात नाही म्हणाली तेव्हा मी फोन काढून तिला दाखवला.

"हे बघ, शालन साळोखे, हिरवं. तुला काही झालेलं नाही. झालं तर मला होणार."

"असं अभद्र बोलू नका," ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

एक्केचाळीसच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती गेली.

बाराव्यानंतर तिच्या वस्तू वाटल्या. साड्या बहिणींना, ओवायच्या सुया शेजारच्या सूनबाईला. तिच्या नाकावरचा चष्मा मात्र मी कुणाला दिला नाही, तो मीच घालायला लागलो. त्याच्या बोंडांना तिचं कुंकू लागलेलं होतं. मग माझा तो पट्टीचा चष्मा नुसता पडून राहिला. शालनचं म्हणणं असायचं, वापरात नसलेली वस्तू घरात ठेवू नये. वाचनालयाच्या दारात तरुण मंडळानं एक पेटी ठेवली आहे. नको असलेले चष्मे तिच्यात टाकायचे, ज्याला जो लागेल त्यानं लावून बघून न्यावा. मे महिन्यात मी तो पट्टीचा चष्मा तिच्यात टाकला.

जूनमध्ये एका सोमवारी फोन वाजला. निरोप पिवळा होता. 'शालन श्रीपती साळोखे, कृपया लवकर तपासून घ्या.'

मी दुपारभर फोन हातात धरून बसलो. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला कंपनीच्या केंद्रात गेलो. तिथं निशिगंधा आवटी नावाची इंजिनिअर मुलगी होती. मी फोन तिच्यापुढे ठेवला.

"ही बाई जानेवारीत वारली. माझी बायको. तुमच्या यंत्राला काही लाजलज्जा?"

तिनं माफी मागितली, नंबर टाकला आणि पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "काका, चष्मा कुठे आहे त्यांचा?"

"हा काय, माझ्या नाकावर."

तिनं तो मागून घेतला, काडीच्या आतला बारीक नंबर वाचला. "हा त्यांचा नाही. हा तुमच्या नावावर आहे."

"मग तिचा तो पट्टीचा. तो मी पेटीत टाकला. कुणीतरी नेला असेल."

"म्हणजे ज्यानं नेला त्यालाही नळी बसवलेली आहे. ही माहिती त्या माणसाची आहे."

"पण नाव शालनचं येतंय."

"चष्म्याला माणूस कळत नाही, काका. खाली नळी आहे एवढंच कळतं. चष्मा ज्याच्या नावावर, त्याच्या नावावर माहिती."

मी तिच्या हातातला चष्मा परत घेतला. मी विचारलं, "दोघांनी चष्मे बदलून घातले तर?"

"असं कोण करतं?" ती हसत म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबवलं.

तिनं पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावाखाली एक रेषा होती. अडतीसच्या दिवाळीपासून ती चढायला लागली होती आणि दोन वर्षं चढतच गेली होती. एक्केचाळीसच्या जानेवारीत तुटली होती. पुढे महिनाभरानं सुरू झाली ती अगदी तळाशी, सपाट. ती सपाट रेषा माझी. आधीची शालनची. तिच्या नावाखाली दोन वर्षं माझी सपाट रेषा होती आणि दर सोमवारी मी तीच तिला हिरवी म्हणून दाखवत होतो.

"पुढच्या मॉडेलच्या चष्म्यात नळीची ओळख पटवायची सोय आहे," निशिगंधा हळू आवाजात म्हणाली. "आधी कुणाला वाटलं नव्हतं, की वाचायचा चष्मा..."

"आमच्यात एकच असतो," मी म्हणालो. "घराला एक."

ती रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. मग विचारलं, "आता जो कोणी आहे, त्याची रेषा कुठवर आलीय?"

तिनं दोन्ही रेषा शेजारी लावल्या. बोट ठेवून म्हणाली, "तुमच्या नावाखालची रेषा डिसेंबर अडतीसमध्ये या उंचीवर होती."

"म्हणजे मला पहिलं पिवळं आलं तेव्हा."

"हो. म्हणजे वेळ आहे. वर्षभर नाही. आठ-नऊ महिने."

कंपनीच्या वरच्या लोकांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. शालनची माहिती वारस म्हणून मला देता येत होती. पण ही माहिती शालनची नव्हती आणि ज्याची होती त्याची परवानगी लागत होती. तो कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नळीवाल्या सगळ्यांना निरोप पाठवा म्हटलं, तर म्हणे चौदा हजार माणसं घाबरतील. निशिगंधानं मात्र फोन करून सांगितलं, "काका, मी हे सांगितलं असं कुणाला बोलू नका. माहिती हुपरीच्याच मेडिकलमध्ये उतरते. फक्त बाजारादिवशी, दहा ते बाराच्या मध्ये."

बाजारादिवशी मी मेडिकलच्या पायरीवर जाऊन बसलो. पण वाचायचा चष्मा चालताना कोण घालतो? तो खिशात असतो, पिशवीत असतो. मग मी औषधाची एक जुनी चिठ्ठी घेतली आणि पन्नाशीपुढचा जो दिसेल त्याच्यापुढे धरायला लागलो. "एवढं वाचून दाखवा की."

"तुझ्या खिशात चष्मा हाय की रं," एक म्हातारा म्हणाला.

"त्यानं दिसत नाही."

"मग माझ्यानं काय दिसणार? मला वाचाया येत न्हाई."

दुकानदार मगदूम काऊंटरवरून ओरडला, "श्रीपतअण्णा, ती चिठ्ठी पाठ झाली असंल आता. बायकूचं औषध हाय ते, बाईच गेली. कशाला जिवाला लावून घेताय?" दोन बायका एकमेकींकडे बघून पुढे गेल्या. चार बाजार असे गेले. काळे चष्मे चौतीस पाहिले. पट्टीचा एकही नाही. आणि दर सोमवारी माझ्या फोनवर शालनचं नाव पिवळं येत होतं.

माझी मुलगी तेजस्विनी इचलकरंजीत शिक्षिका आहे. तिला मी तोवर सांगितलं नव्हतं. जुलैअखेर ती आली तेव्हा सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. ती ऐकता ऐकता उठली आणि आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मी दारात उभा राहिलो.

"आईनं दोन वर्षं गुरुवार केले तुमच्यासाठी," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही तिला फोन दाखवायचा."

"हो."

"चांगला तू घाल! कुणी सांगितलं होतं ओ तुम्हाला चांगलं वागायला?"

तिनं घासलेली भांडी मी पुसून फळीवर लावली. जाताना तिनं एवढंच सांगितलं, "पप्पा, त्या माणसाला शोधायचं तर गुपचूप शोधा. गावात बोंब करू नका. लोकं घाबरली की वस्तू लपवतात."

मी ऐकलं नाही. एकेक सोमवार जात होता. माझ्या डोळ्यांपुढे ती चढती रेषा होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी घंटागाडीच्या भोंग्यावर माझ्या आवाजात सांगितलं. वाचनालयाच्या पेटीतून चांदीची पट्टी असलेला काळा चष्मा ज्यानं नेला त्यानं मला भेटावं. त्याला आतल्या गाठीची सुरुवात झालेली असू शकते. आत्ता ऑपरेशन केलं तर माणूस वाचतो. घाबरू नये. सकाळ-संध्याकाळ तीन दिवस ते गावात फिरलं.

चौथ्या दिवशी वाचनालयाची पेटी उघडली तर आत अकरा चष्मे होते. आदल्या आठवड्यात दोनच होते. लोकांनी नेलेले चष्मे परत आणून टाकले होते, काहींनी स्वतःचे, विकत घेतलेलेही. त्यांत पट्टीचा नव्हता. मेडिकलसमोर एक बाई दुसरीला सांगत होती, "ती नळी अन् तो चष्मा, नकोच बाई. घातल्यावरच कळतंय न्हवं? घालूच नये." ती बोलली त्यात मला गावाचं उत्तर मिळालं. चष्मा नाकावर नसला की निरोप नाही आणि निरोप नाही म्हणजे रोगही नाही.

त्या सोमवारी माझ्या फोनवर शालनचं नाव आलं नाही. पुढच्याही नाही. मी निशिगंधाला फोन केला.

"रेषा थांबलीय, काका," ती म्हणाली. "मी रोज बघते. चष्मा कुणी घालत नाहीय."

म्हणजे त्या माणसानं माझं ऐकलं होतं. ऐकून चष्मा कुठेतरी ठेवून दिला होता, किंवा फेकला होता. बाजारादिवशी दहा ते बारा एवढा तरी त्याचा माग होता, तो मी माझ्या तोंडानं पुसला. आधी एकदा चांगला वागलो होतो, हे दुसऱ्यांदा.

त्यानंतर आठ दिवस मी कामाला हात लावला नाही. नवव्या दिवशी तेजस्विनी आली. तिच्या स्कूटीवर मागे गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं होतं. तिनं ते अंगणात उलगडलं. कॅम्पचा तो फ्लेक्स. मंडळाच्या शेडवर तीन वर्षं पत्र्याच्या जागी टाकलेला होता. वर चिखल, कावळ्यांची घाण. आम्ही दोघांनी बादलीभर पाणी घेऊन तो धुतला. नाकाला कापूस लावलेली माणसं एकेक करून वर आली. तिसऱ्या रांगेत शालन सापडली. हसू दाबत होती. तेजस्विनीनं पदर ओला करून तिचा चेहरा पुसला आणि उठून उभी राहिली.

"नुसतं बघत बसू नका. ह्यातली माणसं मोजा. पेनानं खूण करा. मी शनिवार-रविवार येते, बायकांकडे मी जाते."

"तू मला..."

"ते नंतर, पप्पा. आधी हे."

त्या दिवसापासून आम्ही चेहऱ्यावरून घर शोधतो. आता ओरडून सांगत नाही. चहाला बसतो, इकडचं तिकडचं बोलतो, मग शालनचं सांगतो, अदलाबदलीसकट. ते सांगितल्याशिवाय लोक कपाट उघडत नाहीत. काहींनी ऐकून तिथल्या तिथे नवऱ्याचा चष्मा बायकोच्या हातातून काढून घेतला. सहा घरांत एकच चष्मा दोघं वापरत होती. एका घरात तिघं. त्यांना केंद्रात पाठवून वेगवेगळे चष्मे करून दिले. काहींनी मला दारातूनच परतवून लावलं. त्यांच्याकडे तेजस्विनी पुन्हा गेली.

ज्यानं चष्मा नेला तो आमच्याच कॅम्पमधला असेल असं नाही, हे मला कळतं. पण पेटीतला चष्मा लावून बघताना, हा तसलाच काळा, आपल्या सवयीचा, असं ज्याला वाटलं असेल, तो बहुतेक याच रांगांतला. दुसरा माग माझ्याकडे नाही. जिथं मी पोचू शकत नाही तिथं कदाचित हा कागद पोचेल, म्हणून हे लिहिलं आहे. डावी काडी, मोडीवर चांदीची पट्टी, तिच्यावर दोन फुलं. काडी कानाला टोचते. तो चष्मा परत नको आहे. तो घालणाऱ्यानं पोटाची तपासणी करून घ्यावी, एवढंच.

निशिगंधानं सांगितलेले आठ-नऊ महिने फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतात. आज नोव्हेंबरची अठरा तारीख आहे. फ्लेक्सवर एकशे त्रेचाळीस माणसं आहेत. त्यांतला एक मी. नऊ जण वारले, शालन धरून. एकशे वीस जणांना आम्ही भेटलो आणि त्यांच्या घरातले चष्मे बघितले. नऊ जण गाव सोडून गेले आहेत, त्यांचे पत्ते मिळवतो आहे. उरलेले चौघं मागच्या रांगेत उजव्या कडेला बसले होते. शेडला बांधताना मंडळाच्या पोरांनी नेमकी तिथं भोकं पाडून दोरी ओवली. त्यांचे हात दिसतात, एकीच्या हातात हिरव्या बांगड्या आहेत, पण चेहरे नाहीत. गावात विचारलं, कंपनीत विचारलं, शेजारी बसलेल्यांना विचारलं. ते चौघं कोण होते, ते अजून कळलेलं नाही.